पात्रता कुणाची तपासायची?

बारावीचा निकाल लागला की परभणी जिल्ह्यातील मध्यमवर्गीय घरांमध्ये काही दिवस एकाच विषयाची चर्चा चालते. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी यांच्या परीक्षा ज्यांनी दिल्या, त्यांचे मार्ग बहुतांशी ठरलेले असतात. कृषी विद्यापीठ शहरातच असल्याने काही जण तिकडे वळतात. उरलेल्यांसाठी गेल्या काही वर्षांत एक नाव हमखास पुढे येते, ते म्हणजे ‘बीबीए’, अर्थात व्यवसाय प्रशासनातील पदवी. नाव भारदस्त आहे. ‘मॅनेजमेंट’ हा शब्द उच्चारला की पालकांच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईतील काचेच्या इमारती उभ्या राहतात. परंतु या पदवीसाठी विद्यार्थ्याजवळ काय असावे लागते आणि ही पदवी देणाऱ्या महाविद्यालयाजवळ काय असावे लागते, या दोन प्रश्नांचा विचार मात्र फारसा होत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता शासनाने एका परीक्षेच्या रूपाने दिले आहे. दुसरा प्रश्न अनुत्तरितच आहे, आणि खरी चिंता तिथेच आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०२३ पर्यंत बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम सर्वसाधारण पदवी अभ्यासक्रमांप्रमाणे विद्यापीठांच्या अखत्यारीत होते. बारावी उत्तीर्ण विद्यार्थी महाविद्यालयात जाई, अर्ज भरी आणि जागा असल्यास प्रवेश मिळे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. त्यामुळे ते चालविणाऱ्या महाविद्यालयांना परिषदेची मान्यता घेणे आवश्यक झाले. महाराष्ट्र शासनाच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने त्याच वर्षी या अभ्यासक्रमांसाठी प्रथमच प्रवेश परीक्षा घेतली आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून देण्याचे ठरविले. परीक्षा १०० गुणांची. त्यांपैकी ४० गुण इंग्रजी भाषेला, ३० तर्कक्षमतेला, १५ सामान्यज्ञानाला आणि १५ संगणकाच्या प्राथमिक माहितीला. माध्यम इंग्रजी.

परिणाम काय झाला, हे सर्वश्रुत आहे. राज्यातील या अभ्यासक्रमांच्या जागा एक लाखाहून अधिक होत्या. मे २०२४ मधील परीक्षेला ५० हजार विद्यार्थीही बसले नाहीत. अनेकांना अशी काही परीक्षा आहे, हेच ठाऊक नव्हते. ग्रामीण भागात तर ही वार्ता पोहोचेपर्यंत मुदत संपून गेली होती. शेवटी ऑगस्ट महिन्यात पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. तोवर इतर शाखांचे वर्ग सुरू झाले होते आणि पुष्कळ विद्यार्थी वाट पाहून अन्यत्र निघून गेले होते. दरम्यान राज्यातील कित्येक महाविद्यालयांनी एक निराळीच वाट शोधली. अभ्यासक्रमाचे नाव बदलायचे, त्याला वाणिज्य शाखेच्या पदवीचा एक प्रकार म्हणायचे, म्हणजे परिषदेची मान्यताही नको आणि प्रवेश परीक्षाही नको. शिक्षक तेच, वर्ग तेच, बहुतांश विषयही तेच; पाटी तेवढी नवी.

या घडामोडींकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एक पक्ष म्हणतो, परीक्षा नकोच. खेड्यातील विद्यार्थ्याच्या वाटेत आणखी एक अडसर कशाला? दुसरा म्हणतो, गल्लोगल्ली उघडलेल्या व्यवस्थापनाच्या दुकानांना चाप बसलाच पाहिजे. दोन्ही म्हणण्यांत तथ्याचा अंश आहे. परिषदेने हे अभ्यासक्रम कक्षेत घेण्यामागे गुणवत्तेचा जो हेतू आहे, त्याला कुणी विरोध करण्याचे कारण नाही. पात्र शिक्षक, पुरेसे ग्रंथालय, संगणक कक्ष आणि उद्योगांशी संबंध यांपैकी काहीही नसताना व्यवस्थापनाची पदवी देणे ही विद्यार्थ्याची फसवणूकच आहे. परंतु गुणवत्तेचा हा आग्रह प्रत्यक्षात उतरला तो विद्यार्थ्याच्या परीक्षेतून. महाविद्यालयाची परीक्षा कागदोपत्री राहिली आणि अठरा वर्षांच्या मुलाची परीक्षा मात्र काटेकोर झाली, असे चित्र निर्माण झाले.

त्यातही ही परीक्षा नेमके काय मोजते, याचा विचार व्हायला हवा. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेली मुलगी हिशेबाला तल्लख असू शकते. वडिलांच्या दुकानाची उधारी तिच्या तोंडावर असते, बचत गटाची वही तीच लिहिते, बँकेचे व्यवहार तीच पाहते. व्यवस्थापनाला लागणारी मूळ बुद्धी तिच्यापाशी आहे. परंतु १०० पैकी ४० गुण इंग्रजीला आणि उरलेले ६० गुणांचे प्रश्नही इंग्रजीतच, अशा चाळणीतून ती मागे पडण्याचा संभव मोठा. इंग्रजी नको, असे कुणीही शहाणा म्हणणार नाही. आजच्या व्यापारात ती भाषा आवश्यक आहे आणि ती उत्तम यावी, असाच प्रयत्न व्हायला हवा. प्रश्न इतकाच आहे की, इंग्रजी ही तीन वर्षांच्या शिक्षणाची फलश्रुती असावी की प्रवेशाची अट? जे महाविद्यालयाने शिकवायचे, तेच विद्यार्थ्याने घरून शिकून यावे, असा आग्रह धरल्यास महाविद्यालयाचे प्रयोजन काय उरते? भारतीय भाषांतून उच्च शिक्षण देण्याचा पुरस्कार नव्या शिक्षण धोरणाने केला आहे. त्याच धोरणाच्या काळात सुरू झालेली ही परीक्षा मराठीतूनही उपलब्ध असावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

आता पाटी बदलणाऱ्यांविषयी. एखादा नियम अन्यायकारक वाटत असेल, तर त्याविरुद्ध विद्यापीठात, शासनदरबारी, प्रसंगी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग मोकळा असतो. नियम जागेवर ठेवून त्याच्या बाजूने पळवाट काढणे हा निराळा प्रकार झाला. व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्थेनेच विद्यार्थ्याला दिलेला हा पहिला पाठ असेल, तर त्याने पुढे कसला व्यवहार करावा, अशी अपेक्षा ठेवायची? शिवाय या नामांतराची किंमत पुष्कळदा विद्यार्थ्यालाच मोजावी लागते. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत शंभर टक्के सवलत देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. नाव बदललेल्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना परीक्षेचा त्रास वाचला, या आनंदात या सवलतीचे काय होणार, हे विचारायचे राहून जाते. शेतकरी आणि नोकरदार कुटुंबांसाठी हा प्रश्न लहान नाही.

परंतु प्रवेशाची अट हा विषयाचा उंबरठा झाला. आत शिरल्यावर पदवीसाठी काय लागते? राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही श्रेयांकांवर आधारित चौकट लागू झाली आहे. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे ती चौकट त्यांनाही लागू आहे. पहिल्या वर्षाअखेर किमान ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर ८० वर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर १२० वर पदवी आणि चौथे वर्ष पूर्ण करून १६० श्रेयांक मिळविल्यास ऑनर्स पदवी, अशी ती रचना आहे. एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक. साधा गुणाकार केला, तर तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १८०० तासांचे अध्यापन होते. या तासांत मुख्य विषयासोबत दुय्यम विषय आहे, कौशल्यांचे विषय आहेत, भाषा आहे, भारतीय ज्ञानपरंपरा आहे, क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षणही आहे.

कागदावरची ही योजना उत्तम आहे, हे मान्य करावे लागेल. अडचण आहे ती त्या १८०० तासांची. मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचे जुने दुखणे सर्वांना माहीत आहे. प्रवेश जुलैत घ्यायचा, पुढे स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली दुसऱ्या शहरात खोली करून राहायचे आणि परीक्षेपुरते महाविद्यालयाचे तोंड पाहायचे, ही अनेकांची रीत झाली आहे. महाविद्यालयांनाही पटावरचा आकडा पुरतो. इतिहास किंवा साहित्य एखादा जिद्दी विद्यार्थी घरी वाचून आत्मसात करू शकेल. व्यवस्थापन मात्र घरी बसून येत नाही. माणसांसोबत काम करणे, मतभेद मिटविणे, चार जणांसमोर उभे राहून आपला हिशेब पटवून देणे, या गोष्टींना सहवास लागतो. जिथे वर्गच भरत नाही, तिथे श्रेयांक हा शब्द निरर्थक ठरतो.

आणि वर्ग भरला तरी त्यात काय शिकविले जाते? बहुतेक ठिकाणी परदेशी पाठ्यपुस्तकांच्या संक्षिप्त आवृत्त्या, त्यांतील मोटार कंपन्यांची आणि शीतपेयांची उदाहरणे, आणि परीक्षेसाठी पाठ केलेल्या व्याख्या. वास्तविक परभणीच्या महाविद्यालयाला व्यवस्थापनाची प्रयोगशाळा शोधायला दूर जाण्याची आवश्यकता नाही. ती मोंढ्यात आहे.

एक उदाहरण पुरे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा किमान आधारभूत भाव ५३२८ रुपये प्रति क्विंटल होता आणि खरेदीसाठी ओलाव्याची सर्वसाधारण मर्यादा १२ टक्के. समजा, एका शेतकऱ्याचे १० क्विंटल सोयाबीन १६ टक्के ओलाव्याचे आहे. त्यात कोरडा माल ८ क्विंटल ४० किलो. तो १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळविल्यास वजन सुमारे ९ क्विंटल ५५ किलो भरेल. म्हणजे सुमारे ४५ किलोंची घट. आधारभूत भावाने त्याचे सुमारे ५०,८५० रुपये होतील. हाच माल ओला असताना विकला, तर बरोबरीसाठी क्विंटलला सुमारे ५०८५ रुपये मिळायला हवेत. व्यापाऱ्याने ओलाव्यापोटी क्विंटलमागे २४० रुपयांपेक्षा अधिक कपात केली, तर शेतकऱ्याने माल वाळवावा की नाही, हा विचाराचा विषय होतो. मग वाळविण्याची मजुरी, जागा, पावसाची भीती, पुन्हा वाहतुकीचा खर्च, आधारभूत खरेदी केंद्रावरील प्रतीक्षा आणि घरातील पैशांची निकड, हे सारे त्या तराजूत टाकावे लागते. निर्णयशास्त्र, खर्चाचे लेखांकन, जोखीम आणि खेळते भांडवल, असे बीबीएच्या अभ्यासक्रमातील किमान चार विषय या एका उदाहरणात आले. असा हिशेब जो विद्यार्थी मांडू शकत नाही, त्याला व्यवस्थापनाचा पदवीधर कसे म्हणावे?

कापसाचेही तसेच. मानवत आणि सेलू या जिल्ह्यातील कापसाच्या नामांकित बाजारपेठा. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि १७० किलो रुईची एक गाठ होते. म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. उरलेल्या सरकीचा भाव पडला की जिनिंगवाल्याचे सारे गणित बदलते आणि त्याचा परिणाम शेतकऱ्याच्या पट्टीवर होतो. गाठीचा भाव जगाच्या बाजाराशी बांधलेला आहे. मानवतच्या आडतीत उभे राहून जगाचा व्यापार समजावून सांगता येतो, तो असा. जोडीला शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने त्यांना मार्ग मोकळा झाला आणि २०२० पासून देशात अशा १० हजार संस्था उभ्या करण्याची योजना केंद्र शासनाने हाती घेतली. या कंपन्यांना भांडवलाइतकीच चणचण हिशेब ठेवणाऱ्या, विवरणपत्रे वेळेवर भरणाऱ्या, सभासदांची सभा नीट चालविणाऱ्या माणसांची भासते. म्हणजे काम दाराशी आहे आणि काम मागणारा तरुण त्याच गावात आहे. दोघांची गाठ घालून देणे हे महाविद्यालयाचे कर्तव्य आहे.

नव्या चौकटीत भारतीय ज्ञानपरंपरेला श्रेयांक दिले गेले, ही समाधानाची बाब आहे. परंतु हा विषय नुसत्या गौरवगानात संपू नये, याची दक्षता घ्यायला हवी. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींच्या हाती आली आणि १९०९ साली त्यांनी तिचे संपादन प्रसिद्ध केले, एवढे सांगून पुढे जाणे म्हणजे ज्ञानपरंपरा नव्हे. त्या ग्रंथात राजकोशाच्या अपहाराचे ४० प्रकार मोजून दिले आहेत. आलेली रक्कम उशिरा दाखविणे, एकाची नोंद दुसऱ्याच्या नावे करणे, मापात फरक करणे, अशा युक्त्यांची ती यादी आजच्या लेखापरीक्षकालाही ओळखीची वाटेल. ती वर्गात वाचावी आणि विद्यार्थ्यांनी प्रत्येक प्रकारासमोर आजचे उदाहरण आणि आजचा प्रतिबंध लिहावा, म्हणजे परंपरेचा अभ्यास झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सावकारांवर स्वतंत्र विवेचन आहे, व्यापारी हा राज्याच्या समृद्धीचा आधार कसा, आणि परकी व्यापाऱ्यांशी व्यवहार करताना सावधगिरी का बाळगावी, याचे नेमके भान त्यात दिसते. अर्थकारण आणि राज्यकारभार यांचा संबंध शिकविण्यासाठी मराठीत याहून चांगले साधन शोधावे लागेल. पूर्वजांचा अभिमान त्यांचे ग्रंथ उघडून वाचण्यातून सार्थ होतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. मोंढा आणि जिनिंग शिकवून या मुलांना तुम्ही गावातच अडकवून ठेवणार काय? त्यांनी पुण्याला, बंगळुरूला, परदेशी जाऊ नये काय? आक्षेप प्रामाणिक आहे. जिल्ह्यातील कर्ती मुले बाहेर जातात आणि जावीतही. परंतु जवळचे शिकल्याने दूरचे कळत नाही, हा समज चुकीचा आहे. १९७९ साली डॉ. वर्गीस कुरियन यांनी आणंद येथे ग्रामीण व्यवस्थापन संस्था स्थापन केली, ती दूध उत्पादकांच्या सहकाराच्या पायावर. तिचे विद्यार्थी गावोगावच्या संस्थांत घडले आणि देशभर मानाने काम करू लागले. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्याने त्याच संस्थेचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. महानगराची वाट पाहिली नाही. आपल्या मातीतला व्यवहार ज्याला खोलवर समजला, तो कुठल्याही बाजारात उभा राहू शकतो. ज्याला तो समजला नाही, त्याच्या हातातील पदवी पुण्याच्या दहा हजार पदव्यांत हरवून जाते.

तेव्हा पात्रता तपासायचीच असेल, तर ती दोन्ही बाजूंनी तपासली पाहिजे. पालकांनी प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन काही साध्या गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रमाचे अधिकृत नाव काय आणि त्याला परिषदेची मान्यता आहे काय? असल्यास मान्यतापत्र पाहायला मिळेल काय? पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? मागील वर्षी विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण कोणकोणत्या ठिकाणी घेतले? शुल्क सवलत आणि शिष्यवृत्ती या अभ्यासक्रमाला लागू होते काय? ज्या संस्थेला हे प्रश्न विचारलेले आवडणार नाहीत, तिथे मुलाला पाठवू नये, इतके सोपे हे आहे. दुचाकी घेताना चार दुकाने फिरणाऱ्या कुटुंबाने मुलाच्या तीन वर्षांसाठी एक दिवस खर्चायला हरकत नसावी.

विद्यापीठानेही आपल्या अधिकाराचा उपयोग करावा. प्रवेश परीक्षेची माहिती डिसेंबर-जानेवारीतच प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात पोहोचावी. स्थानिक बाजारपेठेवरील प्रकल्प प्रत्येक विद्यार्थ्याला करावा लागेल, अशी तरतूद अभ्यास मंडळांना करता येईल. इंग्रजीत मागे असलेल्यांसाठी पहिल्या सत्रात खास वर्ग घेता येतील.

आणि काही भार समाजानेही उचलावा. प्रत्येक तालुक्यात दोन-चार सचोटीचे व्यापारी, एखादा सनदी लेखापाल, एखादी नीट चाललेली पतसंस्था, एखादा जिनिंगचा कारखाना निश्चित असतो. त्यांनी दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना महिनाभर आपल्याकडे बसवून कीर्द आणि खतावणी, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र, ग्राहकाशी बोलण्याची रीत शिकविली, तर जिल्ह्याचे चित्र पाच वर्षांत पालटेल. पूर्वी पेढीवर बसूनच मुले व्यवहार शिकत असत. ती परंपरा श्रेयांकांच्या चौकटीत पुन्हा आणण्याची संधी आता कायद्यानेच दिली आहे. गावोगाव काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी महाविद्यालय आणि अशी माणसे यांच्यात दुवा साधला, तर या संधीचे सोने होईल. त्यासाठी मोठ्या निधीची किंवा शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक तालुक्यातून दहा विद्यार्थ्यांपासून आरंभ करता येईल.